पेशीपटल म्हणजे चाळणी नव्हे: बटाटा, बीट आणि कांदा घेऊन स्वतः तपासा

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की दहा मिनिटांत वाडग्याच्या तळाशी पाणी साचतं. जेवायला बसेपर्यंत काकडी मऊ आणि दही पातळ. ‘मीठ वाढायच्या वेळी घाल गं’ हे घरात कुणीतरी बजावलेलं असतंच. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: मिठाने पाणी सुटतं. ते खरंच आहे. पण पाणी बाहेर येतं, तसं मीठ त्याच झपाट्याने आत का जात नाही? ते गेलं असतं तर आत-बाहेर सारखंच खारट झालं असतं आणि पाण्याला बाहेर पडायचं कारणच उरलं नसतं.

याचं उत्तर पेशीपटलात, म्हणजे प्रत्येक पेशीभोवतीच्या पातळ पडद्यात आहे. शाळेत शिकवताना आम्ही (मी स्वतः कित्येक वर्षं) सांगून मोकळे होतो की पेशीपटल चाळणीसारखं असतं, बारीक ते खाली पडतं, जाड ते वर राहतं. उपमा सोपी आहे, मुलांना पटते, आणि चुकीची आहे. सोडियमचा आयन (मीठ पाण्यात विरघळलं की सुटणारा भारित कण) ग्लुकोजच्या रेणूपुढे अगदीच चिमुकला, तरी त्याला पटलातून थेट जाता येत नाही. उलट इस्ट्रोजेनसारखी स्टेरॉइड संप्रेरकं ग्लुकोजपेक्षा मोठी असूनही सरळ आत शिरतात. चाळणीत असं कधी होतं का?

एक रविवार मोकळा काढा. दोन मोठे बटाटे, एक बीट, एक लाल कांदा, मीठ, आणि ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा लागेल. स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या काट्यावर १ ग्रॅमच्या खालचा फरक दिसत नाही आणि इथे सगळा खेळ त्याच फरकाचा आहे. तसा काटा नसेल तर बटाट्याचे तुकडे जास्त घ्या, दर ग्लासात शंभरेक ग्रॅम, म्हणजे फरकही मोठा पडेल.

आधी पटल कशाचं बनलंय ते

हे शोधण्याची युक्तीही स्वयंपाकघरातच जन्मली. जर्मनीत ॲग्नेस पॉकल्स नावाची एक बाई होती. मुलींना तेव्हा विद्यापीठाची दारं बंद. घरची भांडी घासता घासता तिला पाण्यावरच्या तेलकट साईचं वागणं विलक्षण वाटलं, आणि तिने पत्र्याची उथळ पन्हळ, एक सरकती पट्टी आणि काटा घेऊन त्या साईची मोजमापं सुरू केली. तिचं पत्र इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांच्या शिफारशीने १८९१ साली ‘नेचर’मध्ये छापून आलं. पुढे हीच पद्धत सुधारून १९२५ मध्ये हॉलंडच्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतले मेदपदार्थ वेगळे काढले, पाण्यावर एकपदरी पसरवले आणि त्यांनी किती जागा व्यापली ते मोजलं. पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट! म्हणजे पटल दुपदरी. गंमत अशी की त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या. सगळा मेद निघाला नव्हता आणि पेशींचा पृष्ठभागही कमी धरला गेला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना भरून काढलं आणि उत्तर बरोबर आलं. विद्यार्थ्यांना हे सांगावं की नाही, असा मला दर वर्षी प्रश्न पडतो.

या दोन पदरांत मेदाचे रेणू शिस्तीत उभे असतात. प्रत्येकाचं डोकं पाण्याचं भुकेलं, दोन शेपट्या तेलकट. डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे, शेपट्या मधे. सगळी जाडी ५ ते १० नॅनोमीटर. वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी दहा हजार पटलं सहज मावतील. म्हणजे पेशीच्या वेशीवर उभा आहे तो तेलाचा एक अतिपातळ थर, आणि त्या थरात ठिकठिकाणी रोवलेली प्रथिनं. हा थर घट्ट नसतो. मेदाचे रेणू आपापल्या पदरात सतत सरकत असतात आणि त्यांत प्रथिनं तरंगतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली मांडलेलं हे चित्र आजही मुळात तसंच धरलं जातं.

आता कुठलाही पदार्थ घ्या आणि तीन प्रश्न विचारा. तो तेलात मिसळतो की पाण्यात, आणि अंगावर विद्युतभार आहे का? त्याची गर्दी कुठल्या बाजूला जास्त आहे? त्याच्यासाठी पटलात दार आहे का, आणि असल्यास ते आत्ता उघडं आहे का? आकाराचा प्रश्न यात दुय्यम आहे. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड तेलकट थरातून आरामात जातात. सोडियमच्या अंगावर भार, आणि भोवती पाण्याच्या रेणूंचं कडं, म्हणून तो तेलात पाऊल टाकत नाही. पुढचे प्रयोग हे तीन प्रश्न डोळ्यांनी बघण्यासाठी आहेत.

पायरी १: बटाट्याचा काटेकोर हिशेब

शाळेत हा प्रयोग बहुतेकदा बेदाण्यांवर होतो. बेदाणे पाण्यात टाकले, फुगले, झालं. पण वाळवलेल्या बेदाण्यातल्या पेशी जिवंत कुठे असतात? शिवाय ‘फुगले’ हे निरीक्षण झालं, मोजमाप नाही. बटाटा जिवंत असतो. कोंब येतात तेव्हा खात्री पटतेच.

आधी द्रावणं. २० ग्रॅम मीठ घेऊन पाणी घालत एकूण अर्धा लिटर करा. हे झालं ४ टक्क्यांचं. त्यातलं निम्मं, म्हणजे पाव लिटर, पहिल्या ग्लासात ओता. उरलेल्या पाव लिटरात तेवढंच साधं पाणी मिसळा, ते झालं २ टक्क्यांचं. पुन्हा निम्मं दुसऱ्या ग्लासात, उरलेल्यात पाणी. असं करत १ आणि ०.५ टक्क्यांपर्यंत या. पाचव्या ग्लासात नुसतं पाणी. प्रत्येक ग्लासावर चिठ्ठी लावा. ‘माझ्या लक्षात राहील’ म्हणणाऱ्यांचे ग्लास तासाभराने हमखास अदलाबदल होतात.

बटाटा सोला. साल ठेवली तर तिच्यातून पाणी फारसं जात नाही आणि सगळा हिशेब बिघडतो. चिप्ससाठी कापतो तशा बोटभर लांब, सारख्या जाडीच्या फोडी करा, शक्यतो एकाच बटाट्याच्या. प्रत्येक ग्लाससाठी साधारण ५० ग्रॅमचा गठ्ठा करा. जुन्या सुती कापडावर हलकेच टिपा, वजन लिहा, ग्लासात सोडा. दीड-दोन तास थांबा. मग काढून त्याच हाताने, तितक्याच हलकेपणाने टिपा आणि पुन्हा वजन करा. एकदा दाबून पुसलं आणि एकदा नुसतं टेकवलं, तर तुम्ही बटाटा नाही, आपला हात मोजताय.

वजनातला बदल टक्क्यांत काढा. समजा आधी ५०.० ग्रॅम होतं आणि नंतर ५३.५ झालं: वाढ ३.५, भागिले ५०, गुणिले १००, म्हणजे अधिक ७ टक्के. घटलं तर उणे. पाचही आकडे आलेखाच्या कागदावर मांडा. आडव्या रेषेवर मिठाचं प्रमाण, उभ्यावर बदल. बिंदू जोडले की रेघ वरून खाली उतरत शून्याची रेषा कुठेतरी ओलांडेल, बहुधा १ टक्क्याच्या आगेमागे. बटाटा कुठला, किती दिवस साठवलेला, यावर ती जागा थोडी सरकते. तिथे जेवढं पाणी आत जातं तेवढंच बाहेर येतं. पाठ्यपुस्तकातला ‘समपरासारी’ हा शब्द म्हणजे आलेखावरचा हा एक बिंदू. त्याच्या डावीकडे अवपरासारी द्रावण, पाणी आत. उजवीकडे अतिपरासारी, पाणी बाहेर. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के का लिहिलेलं असतं, हे विचारायला आता मुलं स्वतःहून येतील. आपल्या तांबड्या पेशींचा तोल तिथे साधतो.

फोडी हातात घेऊन वाकवूनही बघा. साध्या पाण्यातली फोड ताठ होते आणि वाकवली की कट्‌कन मोडते. ४ टक्क्यांतली शिळ्या भेंडीसारखी वाकते, बोटाला गुंडाळता येते. साध्या पाण्यातला बटाटा मात्र फुगून फुटत नाही, कारण पटलाबाहेर सेल्युलोजची पेशीभित्तिका भक्कम उभी असते. तांबड्या रक्तपेशीला भित्तिका नाही. ती साध्या पाण्यात टम्म फुगते आणि फुटते. म्हणून नुसतं शुद्ध पाणी शिरेतून कधी देत नाहीत.

आता मूळ शंका. ४ टक्क्यांच्या ग्लासात फोडीचं वजन घटलं, याचा अर्थ मीठ अडलं आणि पाणी सुटलं. एवढासा आयन अडतो आणि पाणी जातं. चाळणीची उपमा इथेच गळून पडते. पटलाचा वाटा तपासायचाच असेल तर एक गठ्ठा आधी उकडून घ्या आणि मग ४ टक्क्यांत ठेवा. उकडल्यावर पटलं फुटलेली असतात, अडवायला कुणी उरत नाही, आणि मीठ फोडीच्या गाभ्यापर्यंत जातं. चाखून पाहा. (रस्सा खारट झाला की बटाटा टाकतात. तो बटाटा मीठ वेचून घेत नाही, रश्शातलं खारट पाणीच जसंच्या तसं पितो. खरी सुधारणा होते ती नंतर वाढवलेल्या पाण्याने.)

पायरी २: बीट, म्हणजे पटल मोडल्यावर काय होतं

बिटाचा जांभळट-लाल रंग पेशीच्या मधल्या मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे रसाच्या पिशवीत, भरलेला असतो. तो पाण्यात विरघळतो, अंगावर भारही बाळगतो, म्हणजे आपल्या पहिल्याच प्रश्नाला नापास. बाहेर यायला त्याला दोन पटलं ओलांडावी लागतात, रिक्तिकेचं आणि पेशीचं. दोन्ही धड असतील तर तो आतच बसतो.

बीट सोलून सेंटिमीटरभराचे चौकोनी तुकडे करा. मग या पायरीतलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: तुकडे पाणी बदलत-बदलत पाच-सहा वेळा धुवा, पाणी जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत. सुरीने ज्या पेशी कापल्या गेल्या त्यांचा रंग असा काढून टाकला नाही, तर पुढे प्रत्येक ग्लास लालच होईल आणि काहीही कळणार नाही. एका वर्गात मी घाईत हे धुणं टाळलं होतं. सहाच्या सहा ग्लास सारखे गुलाबी. एका मुलीने शांतपणे विचारलं, ‘सर, मग यातून काय सिद्ध झालं?’

तापमापी नसेल तर पाणी मिसळून काम भागतं. एक भाग उकळतं आणि दोन भाग साधं पाणी घेतलं की साधारण ५० अंश, निम्मं-निम्मं घेतलं की ६० च्या आसपास, तीन भाग उकळतं आणि एक भाग साधं घेतलं की ८०. ग्लास थोडी उष्णता खातो, तेवढी चूक चालेल. प्रत्येक तपमानाच्या पाण्यात दोन-दोन तुकडे एक मिनिट बुडवा, चमच्याने काढून साध्या पाण्याच्या वेगळ्या ग्लासात टाका आणि अर्धा तास ठेवा. जोडीला आणखी तीन ग्लास: एकात रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवून काढलेले तुकडे, एकात साध्या पाण्याऐवजी हात निर्जंतुक करायचं अल्कोहोलवालं, बिनरंगी सॅनिटायझर, आणि एकात ४ टक्के मिठाचं पाणी. न तापवलेले दोन तुकडे साध्या पाण्यात ठेवायला विसरू नका; तुलना त्यांच्याशीच करायची आहे.

पांढरा कागद मागे धरून ग्लास ओळीने लावा. साधं पाणी जेमतेम गुलाबी. ५० अंशांपासून पुढे रंग गडद होत जातो आणि ८० च्या ग्लासात सरबत झालेलं असतं. उष्णतेने पटलातल्या प्रथिनांची घडी मोडते, मेदाचा थर सैल पडतो. अल्कोहोल तो थरच विस्कटून टाकतं, आणि बर्फाचे स्फटिक पटलाला भोकं पाडतात. तीन वेगळे मार, परिणाम एकच.

पण मला सगळ्यात आवडतो तो मिठाचा ग्लास. तुकडे लुळे पडलेले, म्हणजे पाणी गेलं. आणि ग्लासात रंग मात्र फिकाच. त्याच पटलाने, त्याच वेळी, पाण्याला वाट दिली आणि रंगाला अडवलं. ‘निवडक्षम पारपटल’ हा बोजड शब्द पाठ करून घेण्याआधी हा ग्लास मुलांसमोर ठेवावा.

पायरी ३: कांद्याच्या पापुद्र्यात डोकावून

इथे सूक्ष्मदर्शक हवा. शाळेचा चालेल, किंवा मनू प्रकाश यांच्या गटाने स्टॅनफर्डमध्ये तयार केलेला कागदी फोल्डस्कोपही चालेल. शाळेत यासाठी ऱ्हिओ या शोभेच्या झाडाचं पान वापरतात. ते नसेल तर गडद लाल कांदा घ्या. कांद्याच्या पाकळीची आतली, खोलगट बाजू रंगहीन असते. पापुद्रा बाहेरच्या, फुगीर बाजूचा काढायचा. पाकळी बोटांनी मोडा, ती पूर्ण तुटत नाही, एक पातळ जांभळी साल लोंबकळत राहते. तीच चिमट्याने ओढा, नखाएवढा तुकडा पाण्याच्या थेंबात पसरवा आणि वर काचेचं झाकण ठेवा.

विटा रचल्यासारख्या लांबट पेशी, काठोकाठ जांभळ्या. आता अर्ध्या कपात, म्हणजे साधारण १०० मिलिलिटर पाण्यात, चमचाभर मीठ विरघळवा. त्याचा एक थेंब झाकणाच्या एका कडेला सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागदाचं टोक लावा. कागद पाणी ओढतो, खारं पाणी खालून सरकतं. डोळा हलवू नका. मिनिटा-दोन मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटतो, भित्तिका जागेवर राहते आणि आत रंगाचा गोळा आक्रसत जातो, जणू खोली तेवढीच आणि आतलं अंथरूण कुणी गोळा केलं. त्या गोळ्याची कड जिथे दिसते तिथे पटल आहे. एरवी ते भित्तिकेला इतकं चिकटून असतं की वेगळं दिसत नाही. याला रसद्रव्यसंकोच म्हणतात.

आता त्याच पद्धतीने साधं पाणी आत घ्या. गोळे पुन्हा पसरून भिंतीला टेकतील. मात्र खाऱ्या पाण्यात फार वेळ ठेवलं तर पेशी मरतात आणि परतीची वाट बंद होते, म्हणून दहा मिनिटांच्या आत परत फिरा. खत जास्त पडून करपलेलं रोप लगेच भरपूर पाणी दिल्यावर कधी सावरतं आणि उशीर झाला की सावरत नाही, त्यात मोठा भाग याचाच असतो.

पायरी ४: दारं आणि पंप, जे घरी दिसत नाहीत

इथपर्यंत आपण उतारावरून वाहणारं पाणी पाहिलं. जिकडे पाणी कमी, तिकडे ते गेलं. पेशीला खर्च शून्य. पण बटाट्याच्या फोडीतून पाणी इतक्या वेगाने जातं, ते फक्त तेलकट थरातून झिरपून नव्हे. पीटर ॲगर रक्तगटाच्या एका प्रथिनावर काम करत असताना त्यांच्या नमुन्यात एक भलतंच प्रथिन सारखं सापडत होतं. ते बेडकाच्या अंडपेशींत तयार करवून त्या पेशी सौम्य द्रावणात टाकल्या. साध्या अंडपेशी तशाच राहिल्या, हे प्रथिन असलेल्या मात्र फुगून फुटल्या. १९९२ सालची ही गोष्ट. पाण्यासाठी खास दारं असतात, हे अशा रीतीने कळलं, आणि २००३ मध्ये ॲगर यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या दारांचं नाव ॲक्वापोरिन. त्यांतून पाणी जातं, आयन जात नाहीत.

पटल ये-जा नियंत्रित करतं, हे खरं ठरतं ते दारांच्या संख्येमुळे. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं की मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक येतं आणि मूत्रपिंडाच्या नलिकांतल्या पेशी आत राखून ठेवलेली ॲक्वापोरिनची दारं पृष्ठभागावर आणून बसवतात. पाणी परत शरीरात, लघवी गडद. जेवणानंतर इन्सुलिन आलं की स्नायूंच्या पेशी ग्लुकोजची दारं अशीच वर आणतात. रेणू तेच, पटल तेच. दारं किती लावायची हे पेशी ठरवते.

आणि पंप. सोडियम-पोटॅशियम पंप ऊर्जेचा एक एटीपी रेणू खर्चून ३ सोडियम बाहेर फेकतो आणि २ पोटॅशियम आत ओढतो, दोन्ही चढावर. येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत हा पंप शोधला, नोबेल मिळालं १९९७ मध्ये. मोठा घास असेल तर पटलच वाकून त्याला कवेत घेतं. अमिबा जेवतो तसाच आणि पांढरी पेशी जंतू गिळते तीही तशीच.

पायरी ५: हे सगळं एका लिटर पाण्यात

सोडियमचा पंप सतत चालल्यामुळे आतड्याच्या पेशीत सोडियम कमी राहतो आणि बाहेरच्या सोडियमला आत यायची ओढ असते. आतड्यात त्याच्यासाठी एक अजब दार आहे. ते ग्लुकोज सोबत असेल तरच सोडियमला आत घेतं, दोन सोडियममागे एक ग्लुकोज. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली ही जोडी मांडली. पटकीचं विष क्लोराइडचं दार उघडं अडकवून ठेवतं, मीठ आणि त्यामागे पाणी आतड्यात ओतत राहतं. पण हे जोडीचं दार त्या विषाने बंद पडत नाही, म्हणून ग्लुकोजसोबत दिलेलं मीठ आत जातं आणि त्यामागे पाणीही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांतून वाटलं, आणि २० ते ३० टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं.

शक्यतो औषधाच्या दुकानातलं जलसंजीवनीचं पाकीट आणा. त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आहे का बघा: लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९. पाकिटावर लिहिलं असेल तेवढंच पाणी मोजून घ्या, निम्म्या पाण्यात निम्मं पाकीट अंदाजाने नको. पाकीट मिळेपर्यंत घरी करायचं असेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शीग लावायची नाही. ‘पोराला ताकद येईल’ म्हणून साखर वाढवली की आतड्यातलं पाणी अतिपरासारी होतं, आणि बटाट्याच्या ४ टक्क्यांच्या ग्लासात झालं तेच पोटात होतं: पाणी शरीरातून आतड्याकडे, जुलाब आणखी वाढतात.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा काहीच पोटात टिकत नसेल तर घोट घोट पाजत दवाखाना गाठा. केलेलं पाणी झाकून ठेवा, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या आणि नवं करा.